वैद्यकीय प्रवेश मुलाखत

वैद्यकीय प्रवेश मुलाखत म्हणजे वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमास प्रवेश देण्यापूर्वी निवड मंडळाने उमेदवाराशी समक्ष संवाद साधून केलेली त्याची पारख होय. लेखी परीक्षेतून विषयज्ञान मोजता येते. परंतु संवादकौशल्य, सहानुभूती, प्रामाणिकपणा, निर्णयक्षमता आणि या व्यवसायाची निवड करण्यामागील हेतू हे गुण लेखी परीक्षेत पुरेसे प्रकट होत नाहीत, या विचारातून ही पद्धत रूढ झाली. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांतील बहुसंख्य वैद्यकीय विद्यालयांत ती आजही प्रचलित आहे. भारतात मात्र एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमाचे प्रवेश राष्ट्रीय पात्रता तथा प्रवेश परीक्षेच्या म्हणजेच 'नीट'च्या गुणांवर होतात आणि त्यांत मुलाखतीला स्थान नाही. पुण्यातील सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय हा याला ठळक अपवाद असून, कोल्हापूरसह महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना मुलाखतीची तयारी करावी लागते ती प्रामुख्याने याच संस्थेसाठी.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

वैद्यकीय शिक्षणासाठी स्वतःचा हेतू निवड करणाऱ्यांपुढे मांडण्याचे एक आरंभीचे मराठी उदाहरण कोल्हापूरशी निगडित आहे. डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांचे पती गोपाळराव जोशी हे टपाल खात्याच्या नोकरीनिमित्त कोल्हापुरात असताना त्यांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार केला. वाइल्डर यांनी कोल्हापुरात मिशनचे कार्य केलेले होते. हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तो न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला आणि त्यातून आनंदीबाईंच्या अमेरिकागमनाचा मार्ग मोकळा झाला. पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पाठवलेल्या अर्जपत्रात आनंदीबाईंनी आपल्या शिक्षणातील उणिवा लपवल्या नाहीत. पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यास संकोचणाऱ्या आपल्या देशभगिनींना वैद्यकीय मदत मिळावी, हा हेतू त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडला. महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचेल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही मिळाली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकीय पदवी प्राप्त झाली. त्यानंतर कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागासाठी त्यांची नेमणूक केली. परंतु आजारपणामुळे त्या हे काम पाहू शकल्या नाहीत आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच रुग्णालयात रुग्णसेवा केली. हे रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे सार्वजनिक रुग्णालय, म्हणजेच 'सीपीआर' या नावाने परिचित आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतातील काही राज्यांत वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशासाठी परीक्षेच्या गुणांत मुलाखतीचे गुण मिळवण्याची पद्धत होती. ही पद्धत वेळोवेळी न्यायालयीन वादाचा विषय ठरली.

न्यायालयीन निर्णय

आर. चित्रलेखा विरुद्ध म्हैसूर राज्य (१९६४) या खटल्यात म्हैसूर राज्यातील वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या मुलाखत पद्धतीला आव्हान देण्यात आले होते. मुलाखतीद्वारे निवड करणे हे मुळातच घटनाबाह्य ठरत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दिला.

पेरियाकरुप्पन विरुद्ध तमिळनाडू राज्य (१९७१) या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात न्यायालयाने मुलाखतीच्या अंमलबजावणीतील दोषांवर बोट ठेवले. निवडीसाठी निरनिराळे निकष ठरवून दिलेले असताना प्रत्येक निकषाखाली स्वतंत्र गुण न देता एकत्रित गुण देण्याची रीत न्यायालयाला सदोष वाटली.

अजय हासिया विरुद्ध खालिद मुजीब (१९८०) हा निर्णय या विषयात सर्वाधिक उल्लेखला जातो. तो श्रीनगर येथील प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशासंबंधी होता; तथापि त्यातील तत्त्वे सर्वच व्यावसायिक प्रवेशांना लागू पडणारी आहेत. तेथे लेखी परीक्षेला १०० व मुलाखतीला ५० गुण होते, म्हणजे एकूण गुणांपैकी एक तृतीयांश गुण मुलाखतीच्या हाती होते आणि प्रत्येक उमेदवाराची मुलाखत जेमतेम दोन-तीन मिनिटे चालली होती. एवढे मोठे प्रमाण मनमानीला वाव देते असे न्यायालयाने ठरवले, मुलाखतीचे गुण १५ टक्क्यांहून अधिक असू नयेत असे मत नोंदवले आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण करावे अशीही सूचना केली.

महाराष्ट्रातील स्थिती

१९८० च्या दशकात महाराष्ट्रात खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची संख्या वाढू लागली आणि देणगीच्या नावाखाली पैसे घेऊन प्रवेश देण्याविषयी तक्रारी होऊ लागल्या. कॅपिटेशन फीला प्रतिबंध करणारा राज्याचा अधिनियम १९८७ साली झाला. संस्थेच्या स्वेच्छेवर सोपवलेली निवड गैरव्यवहाराला वाट करून देते, हा अनुभव सामाईक प्रवेश परीक्षेच्या बाजूने मोठा युक्तिवाद ठरला. पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००५) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने खासगी विनाअनुदानित संस्थांचे प्रवेशही न्याय्य, पारदर्शक आणि शोषणरहित असले पाहिजेत, हे तत्त्व अधोरेखित केले.

'नीट' प्रथम मे २०१३ मध्ये घेण्यात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली आणि एप्रिल २०१६ मध्ये तो निर्णय मागे घेतला. २०१६ च्या अध्यादेशाने राज्यांच्या शासकीय जागांना एका वर्षाची सवलत मिळाली. २०१७ पासून महाराष्ट्रातील प्रवेश पूर्णतः 'नीट'च्या आधारे होऊ लागले. परीक्षा ७२० गुणांची असून ती मराठीसह १३ भाषांत देता येते. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के जागा राज्य कोट्यातून भरल्या जातात. राज्य कोट्याची प्रक्रिया राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजेच 'सीईटी सेल' राबवतो.

कोल्हापूर शहरात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कसबा बावडा येथील डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय अशी दोन महाविद्यालये आहेत. शासकीय महाविद्यालय सीपीआर रुग्णालयाशी संलग्न आहे. ते सुरू होण्यापूर्वी जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना शासकीय वैद्यकीय शिक्षणासाठी मिरज, सोलापूर किंवा पुणे गाठावे लागे. या दोन्हींपैकी कोणत्याही महाविद्यालयात एम.बी.बी.एस. प्रवेशासाठी मुलाखत होत नाही. प्रवेशफेऱ्यांना 'समुपदेशन' म्हणतात, या शब्दामुळे पालकांचा कधीकधी गैरसमज होतो. प्रत्यक्षात समुपदेशन म्हणजे पसंतिक्रम भरणे, गुणवत्तेनुसार जागावाटप आणि मूळ कागदपत्रांची पडताळणी एवढेच होय. तेथे अधिवास प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र व वैद्यकीय पात्रता प्रमाणपत्र यांची पूर्तता निर्णायक ठरते, वक्तृत्व नव्हे. 'मुलाखतीतून जागा मिळवून देतो' असे सांगणाऱ्या मध्यस्थाचा दावा म्हणूनच निराधार असतो.

मुलाखतीची वेगळी परंपरा जपणाऱ्या संस्थांमध्ये वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचा उल्लेख केला जातो. महाराष्ट्रात १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी स्थापन केलेल्या सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेत गांधीविचारावर प्रश्नपत्रिका असे. एप्रिल २०२० मध्ये वेल्लोर महाविद्यालयाच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक व खासगी संस्थांनाही 'नीट' बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले.

सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय, पुणे

या महाविद्यालयाची स्थापना १ मे १९४८ रोजी झाली आणि तेथे एम.बी.बी.एस. अभ्यासक्रम १९६२ साली सुरू झाला. ते नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. १ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते संस्थेला राष्ट्रपती ध्वज प्रदान करण्यात आला. येथील विद्यार्थी पदवीनंतर सशस्त्र दल वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून रुजू होतो. म्हणजेच येथील प्रवेश हा शिक्षणाचा प्रवेश असतो, तसाच सैन्यसेवेचाही असतो. मुलाखत टिकून राहण्याचे कारण यातच आहे.

निवडीचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात :

१. उमेदवार 'नीट' देतो आणि वैद्यकीय समुपदेशन समितीच्या संकेतस्थळावर या महाविद्यालयाचा पर्याय नोंदवतो.
२. 'नीट'च्या गुणांवरून निवडक उमेदवारांना पुण्यास बोलावले जाते.
३. इंग्रजी भाषा, आकलन आणि तर्कशक्ती यांची संगणकाधारित चाचणी होते. ती 'टोएलआर' या आद्याक्षरांनी ओळखली जाते.
४. मानसशास्त्रीय चाचणी घेतली जाते.
५. निवड मंडळासमोर मुलाखत होते.
६. वैद्यकीय तपासणीत सैन्यसेवेच्या निकषांनुसार दृष्टी, रंगज्ञान, श्रवण, अस्थिरचना आदींची पाहणी होते.
७. अंतिम गुणवत्ता यादीनुसार प्रवेश मिळतो व सेवेचे बंधपत्र लिहून द्यावे लागते.

उमेदवार अविवाहित असावा लागतो. भारतीय उमेदवारांसाठी अनेक वर्षे १४५ जागांपैकी ११५ मुलांसाठी आणि ३० मुलींसाठी अशी विभागणी राहिली आहे. सैन्य परिचर्या सेवेच्या चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमाच्या निवडीतही मुलाखतीचा टप्पा असतो. वयोमर्यादा, गुणभार व बंधपत्राची रक्कम यांत बदल होत असल्याने त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका हाच अधिकृत आधार मानला जातो.

तयारीचे घटक

मुलाखतीला ठरावीक अभ्यासक्रम नसतो. तरीही कोणत्याही वैद्यकीय प्रवेश मुलाखतीच्या तयारीत पुढील घटक समान आढळतात.

हेतूची स्पष्टता

'डॉक्टर का व्हायचे आहे?' हा प्रश्न जवळपास प्रत्येक मुलाखतीत या ना त्या स्वरूपात येतो. 'समाजसेवा करायची आहे' हे उत्तर खोटे नसले तरी ते सर्वांचेच असते आणि त्यातून उमेदवार दिसत नाही. घरातील दीर्घ आजारपण, गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाहिलेली परिस्थिती, महापुराच्या छावणीत केलेले काम, जीवशास्त्रातील एखाद्या विषयाची ओढ असा स्वतःच्या आयुष्यातील ठोस अनुभव सांगून त्यातून काय उमगले हे मांडणे अधिक परिणामकारक ठरते. सशस्त्र दल महाविद्यालयासाठी याला जोडून दुसरा प्रश्न असतो : डॉक्टरच व्हायचे तर सैन्यातच का? शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारख्या, घरोघरी सैन्यसेवेची परंपरा असलेल्या गावातील उमेदवाराला या प्रश्नाचे उत्तर घरातच सापडू शकते. तथापि आजोबांचे वा वडिलांचे कर्तृत्व हे स्वतःच्या निर्णयाचे कारण असू शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही. पर्यायी प्रवेश दुसरीकडे मिळत असता तर काय निवडले असते, याचे प्रामाणिक उत्तर उमेदवाराने बंधपत्रावर सही करण्याआधी स्वतःला दिलेले असणे आवश्यक असते.

परिसराचे आणि आरोग्यव्यवस्थेचे ज्ञान

उमेदवाराला आपल्या जिल्ह्याची आरोग्यविषयक ओळख असणे अपेक्षित असते. सपाट प्रदेशात साधारण ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर डोंगराळ भागात हेच प्रमाण अनुक्रमे ३,००० व २०,००० असा निकष आहे. तो गगनबावडा, शाहूवाडी किंवा चंदगड तालुक्यातील वाड्या-वस्त्यांना लावून पाहिला, तर अंतर व पाऊस या गोष्टी उपचारावर कसा परिणाम करतात हे समजते. २०१९ व २०२१ सालच्या पंचगंगेच्या महापुरांनी पिण्याचे पाणी, लेप्टोस्पायरोसिस, गर्भवतींचे स्थलांतर आणि डायलिसिसच्या रुग्णांची सोय हे प्रश्न पुढे आणले. आशा स्वयंसेविकांचे काम, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि गर्भलिंगनिदानास बंदी करणारा १९९४ चा कायदा यांचीही माहिती उपयुक्त ठरते.

नैतिक प्रश्न

वैद्यकीय नीतीवरील प्रश्नांना एकच बरोबर उत्तर नसते. मंडळाला विचार करण्याची रीत पाहायची असते. बोशाँप व चिल्ड्रेस यांच्या १९७९ सालच्या ग्रंथाने रूढ केलेली चार तत्त्वे विवेचनाला चौकट देतात : रुग्णाची स्वायत्तता, रुग्णाचे हित, अपाय न करणे आणि न्याय. उदाहरणार्थ, कर्करोगाचे निदान झालेल्या वृद्धाचा मुलगा 'बाबांना सांगू नका' अशी विनवणी करतो. येथे मुलाच्या मायेचा अवमान न करता, स्वतःविषयी जाणून घेण्याचा हक्क रुग्णाचाच आहे हे मान्य करावे लागते. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे हे आधी त्यालाच विचारणे आणि कुटुंबाला त्या संवादात सामावून घेणे, असा मार्ग संतुलित मानला जातो. पूरग्रस्त भागात एकच होडी आणि दोन रुग्ण असतील तर प्राधान्य कोणाला, या प्रश्नात ओळख वा वशिल्याऐवजी तातडीची गरज आणि वाचण्याची शक्यता हे निकष महत्त्वाचे ठरतात. दोन्ही बाजू मांडून अखेरीस निर्णयाप्रत येणे अपेक्षित असते. केवळ 'हे परिस्थितीवर अवलंबून आहे' असे म्हणून थांबणे अपुरे समजले जाते.

भाषा

मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्यापुढील ही सर्वांत मोठी अडचण होय. 'नीट' मराठीत देता येते; परंतु पुण्यातील पुढील टप्प्यात इंग्रजीची स्वतंत्र चाचणी असते आणि इंग्रजीतून बोलण्याची तयारी ठेवावी लागते. पाठ केलेली अलंकारिक इंग्रजी वाक्ये उपप्रश्न येताच कोसळतात. त्याउलट लहान, सरळ वाक्यांत बोलण्याचा रोजचा सराव अधिक उपयोगी पडतो. विचार प्रथम मराठीत पक्का करणे, मग तोच साध्या इंग्रजीत सांगणे, हा क्रम अनेक विद्यार्थ्यांना सोयीचा जातो. प्रश्न न समजल्यास तो पुन्हा विचारण्याची विनंती करण्यात कमीपणा नसतो. मराठी वळणाचे उच्चार हा दोष नव्हे; अस्पष्ट बोलणे हा दोष आहे.

सराव आणि वर्तन

सराव मुलाखत अनोळखी व्यक्तीकडून घेतली गेल्यास तिचा उपयोग वाढतो. निवृत्त शिक्षक, माजी सैनिक, गावातील डॉक्टर हे यासाठी सहज उपलब्ध असणारे लोक होत. स्वतःचे बोलणे मोबाइलवर मुद्रित करून ऐकल्यास 'म्हणजे', 'अॅक्च्युअली' यांसारखे अडखळते शब्द लक्षात येतात. ज्ञात नसलेल्या गोष्टीविषयी 'मला माहीत नाही' असे सांगणे हे मुलाखतीतील अपयश नसून, वैद्यकीय व्यवसायात आवश्यक असलेल्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानले जाते. कारण औषधाची मात्रा अंदाजाने सांगणारा डॉक्टर रुग्णाला धोक्यात घालतो. वैद्यकीय तपासणीच्या दृष्टीने दात, कान, दृष्टी व वजन यांची पूर्वतपासणी काही महिने आधी करून घेतल्यास उपचार करण्याजोग्या दोषांना वेळ मिळतो. कोल्हापूर ते पुणे अंतर सुमारे २३० किलोमीटर असून प्रवेशाचा हंगाम पावसाळ्यात येतो. महापुराच्या काळात महामार्ग बंद पडल्याची उदाहरणे असल्याने आदल्या दिवशी पोहोचणे इष्ट ठरते.

परदेशातील पद्धती

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना मुलाखत टाळता येत नाही. ब्रिटनमध्ये वैद्यकीय अभ्यासक्रमाचे अर्ज ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत द्यावे लागतात आणि त्यानंतर मुलाखती होतात. अमेरिकेत बहुतांश विद्यार्थी आधी पदवी पूर्ण करून वैद्यकीय विद्यालयाकडे वळतात. तेथे 'एमकॅट' परीक्षा, निबंध, शिफारसपत्रे आणि मुलाखत यांचा एकत्रित विचार होतो.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी 'बहुविध लघुमुलाखत' ही पद्धत विकसित केली. तीत उमेदवार एकाच मंडळापुढे न बसता अनेक कक्षांतून फिरतो. प्रत्येक कक्षात काही मिनिटांत वेगळा प्रसंग हाताळतो आणि त्याला प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक स्वतंत्र गुण देतो. एका परीक्षकाच्या आवडीनिवडीचा प्रभाव त्यामुळे घटतो.

मूल्यमापन आणि टीका

मुलाखतीच्या समर्थकांच्या मते, रुग्णाशी बोलता न येणारा गुणवंत विद्यार्थी चांगला डॉक्टर होईलच असे नाही आणि तीन तासांच्या बहुपर्यायी परीक्षेला ही उणीव दिसत नाही. टीकाकारांच्या मते मुलाखतीत घरची सुबत्ता, शहरी वळण, इंग्रजीचा सराव आणि ओळखी यांचा लाभ मिळतो. ग्रामीण, पहिल्या पिढीतील विद्यार्थी मागे पडतो. भारतीय न्यायालयांनी मुलाखतीचे गुण मर्यादित ठेवण्याचा आग्रह धरला तो याच भीतीपोटी. केवळ गुणांवर आधारलेल्या पद्धतीलाही दुसरी बाजू आहे : महागड्या खासगी शिकवण्यांचा खर्च पेलू शकणाऱ्यास तीही अनुकूल ठरते. पूर्वनिश्चित प्रश्न, प्रत्येक निकषासाठी स्वतंत्र गुण, एकाहून अधिक परीक्षक आणि मुलाखतीची नोंद हे उपाय पक्षपात कमी करणारे मानले जातात. १९७१ व १९८० सालच्या निर्णयांत भारतीय सर्वोच्च न्यायालयाने यांपैकी काही बाबींवर आधीच बोट ठेवले होते.

हेही पाहा

आनंदीबाई जोशी
छत्रपती प्रमिलाराजे सार्वजनिक रुग्णालय
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ
राष्ट्रीय पात्रता तथा प्रवेश परीक्षा
सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय